लहानपणीच दृष्टी गेली तर शरीर आणि मेंदू कसं जुळवून घेतात?

तुमचा भाचा १४ महिन्यांचा, जन्मापासून दिसत नाही, अजून रांगत नाही, आणि घरातले थोर म्हणतात, 'देव एक नेतो, दुसरं दुप्पट देतो.' या वाक्याशी माझं चाळीस वर्षांचं भांडण आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी खानापूर तालुक्यातला. अकरा महिन्यांचा असताना गोवर आला आणि दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. दिवस की रात्र एवढं कळतं, बाकी काही नाही. सातव्या वर्षी घरच्यांच्या लक्षात आलं की मी भिंतीला धडकत नाही, हातभर अंतरावर थांबतो. कसं कळतं विचारलं तर सांगायचो, गालाला कळतं. खोटं नव्हतं ते. भिंत जवळ आली की गालावर, कपाळावर काहीतरी दाटून आल्यासारखं व्हायचं.

थोरल्या आप्पांना तेवढंच पाहिजे होतं. कोण पाव्हणा आला की मला परड्यात नेऊन उभं करायचे. "बघा की आता, गोठ्याची भिंत कशी वळकतंय ते!" मी चालायचो, थांबायचो. पाव्हणा चुकचुकायचा आणि हातावर चार आणे ठेवायचा. "देवानं डोळ्यातलं गालात घातलंय," आप्पा म्हणायचे. बेळगावला अंधांच्या शाळेत घालायचं बोलणं निघालं की हेच वाक्य आडवं. याला शाळा कशाला, काठी कशाला?

मग आषाढातला तो दिवस. आमच्याकडे लागला की तीन-तीन दिवस उघडीप नसते. निपाणीकडचे व्याही आलेले, आप्पांनी हौसेनं हाक मारली. भिजेल म्हणून आईनं घोंगड्याची खोळ डोक्यावरून घातली, दोन्ही कान झाकून. गाल, कपाळ उघडंच होतं. मी नेहमीच्या ऐटीत निघालो आणि चिऱ्याच्या भिंतीवर थाडकन. वरचा ओठ फाटला, पुढचा दात हलला. नाकात शेणाचिखलाचा वास आणि तोंडात रक्त, एवढं आठवतं. तिन्हीसांजेला आजीनं मीठ-मिरच्या-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. ज्याला दृष्टी नाही त्याची दृष्ट काढली! मिरची ठसकली नाही, म्हणजे दृष्ट जबर होती असं ठरलं.

पाऊस उघडल्यावर मी एकटाच परड्यात गेलो आणि कानांत बोटं घालून चाललो. परत धडकलो, दुखऱ्या ओठावरच. बोटं काढून चाललो, थांबलो. गालाचा संबंधच नव्हता. पावलांचा आवाज भिंतीवरून परत येत होता, कान तो ऐकत होता आणि मला तो गालावर जाणवत होता.

पुष्कळ वर्षांनी वाचलं की अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हाच प्रयोग रीतसर झाला होता. १९४४ साली तो छापून आला. तिथले अंध लोकही 'चेहऱ्याला कळतं' म्हणायचे. तोंडावर जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचा, बुरखा घातला तरी ते भिंतीआधी थांबले. कान बंद केल्यावर धडकले. आप्पांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, "म्हंजे देवानं कानात घातलंय."

देवानं नाही, सरावानं. शेवटी दहाव्या वर्षी शाळेत गेलो, तेव्हा ब्रेलची, म्हणजे बोटानं वाचायच्या लिपीची, उठावाची टिंबं बोटाखाली नुसती खरखर वाटायची. वर्षभरानं अक्षरं झाली. शेजारच्या खाटेवर गोकाकचा कानडी मुलगा होता. बाहेर पाट्या कुठल्या भाषेत यावरून रणं माजायची, पण भारतीय भाषांसाठी एकच असलेल्या भारती ब्रेलमध्ये त्याचा 'क' आणि माझा 'क' एकच, तीच दोन टिंबं. एकमेकांची पुस्तकं अर्थ न कळता घडाघडा वाचायचो. बोटांची परीक्षा घेतलेलीही आहे: अंधांची बोटं डोळसांपेक्षा बारीक फरक ओळखतात, त्यातही ब्रेल वाचणारं बोट पुढं, ओठांवर तीच परीक्षा घेतली तर दोघं सारखेच. देणगी असती तर ओठांनाही मिळाली असती.

डोळ्यांकडून निरोप येणं बंद झालं म्हणून मेंदूचा मागचा भाग रिकामा पडून राहत नाही. लहानपणी अंध झालेले लोक ब्रेल वाचताना तोच भाग कामाला लागतो, हे १९९६ साली मेंदूच्या तपासणीत दिसलं. जन्मांध असलेल्या, ब्रेल सराईतपणे वाचणाऱ्या एका बाईंना पुढं मेंदूच्या त्याच भागात दोन्ही बाजूंना रक्तपुरवठा तुटून झटका आला. बोटांना टिंबं लागत होती, वाचता मात्र येईना. म्हणजे ती जागा खरोखर वाचनाला दिलेली होती.

आता तुमचा भाचा. रांगत नाही म्हणून घाबरू नका. समोर खुळखुळा दिसला की मूल झेपावतं. याला झेपावायला काही दिसतच नाही. आवाज म्हणजे तिथं वस्तू आहे, हे उमगायला साधारण वर्ष जातं. तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उशिराची कारणं दुसरीही असतात. रात्री-अपरात्री जागा राहिला तर खोडी समजू नका. अजिबात उजेड कळत नसेल तर शरीराचं घड्याळ बऱ्याचदा चोवीस तासांशी जमत नाही, माझ्या एका मित्राचं आयुष्यभर तेच आहे. मला उजेड कळतो म्हणून मी सुटलो. कडेवर कमी घ्या, जमिनीवर जास्त ठेवा. भांडी, पोळपाट, कडी-कोयंडा, सगळ्याला हात लावू दे. 'हात लावू नको' म्हणणाऱ्याला घराबाहेर काढा, मग तो कितीही थोर असो. बोलणारा मोबाईल आहे, ब्रेल कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, स्वतःच्या पोराला नुसता रेडिओ देऊन शिकवलं असतं का? आणि थंडीत कानटोपी घालायची तर कान उघडे ठेवून.

हे सगळं लहान वयात सोपं जातं एवढंच. प्रतिध्वनी ऐकायला उतारवयातही शिकता येतं, पण बसावं लागतं. आप्पा आता शहाऐंशीचे, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. परवा गेलो तर परड्यात काठी धरून उभे. म्हणाले, "मला का रं भित कळंना?"

"आधी कानटोपी काढा," म्हटलं.

काढली नाहीच. गार वारं सुटलंय म्हणाले.