ग्लायकॉल काढून मोलेक्युलर सीव्ह बसवावे का?

नैसर्गिक वायूच्या वाहिनीसाठी ठरलेला दवबिंदू (वायूतील पाण्याची वाफ द्रवरूप होऊ लागते ते तापमान) मिळत नाही, म्हणून ट्रायएथिलीन ग्लायकॉल या पाणी शोषणाऱ्या द्रवाचे संयंत्र काढून मोलेक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र दाण्यांचा थर, बसवावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, वायू नेमका किती कोरडा हवा हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला हात घालू नये.

वाहिनीत पाण्याचा धोका मुख्यतः हायड्रेटचा असतो. उच्च दाबाखाली मिथेन आणि पाणी मिळून शून्य अंशाच्या बऱ्याच वरही हे बर्फासारखे घन पदार्थ तयार होतात, आणि वाहिन्या तुंबण्याचे कारण हेच आहे हे संशोधक हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवले. हा धोका टाळण्यासाठी अमेरिकेत दहा लाख घनफुटांमागे ७ पौंड, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ११२ मिलिग्रॅम पाणी, ही मर्यादा रूढ आहे आणि ती ग्लायकॉलने सहज गाठता येते. वायू द्रवरूप करायचा असेल, तर मात्र पाणी दशलक्षांत एका भागाच्याही खाली न्यावे लागते आणि तेथे मोलेक्युलर सीव्हला पर्याय उरत नाही.

तेव्हा आधी पुनरुज्जीवित, म्हणजे तापवून पाणी काढून टाकलेल्या, ग्लायकॉलची शुद्धता तपासा. वातावरणीय दाबाला रिबॉयलर (ग्लायकॉल तापवून त्यातील पाणी उडवणारे पात्र) २०४ अंश सेल्सिअसवर ठेवला तर ती सुमारे ९८.७ टक्के मिळते. त्याहून तापवू नये, कारण ग्लायकॉलचे विघटन सुरू होते. शुद्धता वाढवायची ती रिबॉयलरमध्ये उरलेले पाणी ओढून नेणारा कोरडा स्ट्रिपिंग वायू सोडून; त्याने ९९.५ टक्क्यांच्या पुढे जाता येते. नुसता ग्लायकॉलच्या अभिसरणाचा दर वाढवून फारसा लाभ होत नाही, उलट रिबॉयलरवरचा भार वाढून शुद्धता आणखी घसरू शकते.

आत येणाऱ्या वायूतील द्रव वेगळे करणारा सेपरेटरही पाहा. त्यातून द्रव हायड्रोकार्बन किंवा खारे पाणी पुढे गेले, तर ग्लायकॉलला फेस येतो आणि रिबॉयलरच्या नळ्यांवर क्षार साचतात. शुद्ध ग्लायकॉल वायूपेक्षा ५ ते ८ अंश गरम असावे, म्हणजे वायू आणि ग्लायकॉल एकत्र येतात त्या संपर्क मनोऱ्यात हायड्रोकार्बन द्रवरूप होणार नाहीत. हा सेपरेटर कमजोर असेल तर मोलेक्युलर सीव्हही वाचणार नाही: द्रव पाण्याच्या माऱ्याने त्याचे दाणे फुटतात, त्यांची भुकटी होते आणि थरावरचा दाबऱ्हास वाढत जातो. शिवाय त्याचे पुनरुज्जीवन २५० ते ३०० अंशांच्या गरम वायूने करावे लागते, आणि तो इंधनखर्च वाहिनीच्या कामासाठी मला समर्थनीय वाटत नाही.

ग्लायकॉल ठेवणार असाल तर रिबॉयलरच्या वाफेबरोबर बेंझीनही बाहेर पडते हे विसरू नका. तेथे काम करणाऱ्यांच्या आरोग्यासाठी ती वाफ कंडेन्सरमधून नेऊन उरलेला वायू जाळण्याची सोय करणे मी अत्यावश्यक मानतो. आपल्या संयंत्रातील रिबॉयलरचे तापमान, शुद्ध ग्लायकॉलचा पृथक्करण अहवाल आणि वायूचा दाब व तापमान येथे दिलेत, तर दोष कोठे आहे हे अधिक नेमके सांगता येईल.