मेंदूतलं इन्फ्लमेशन आणि मानसिक आजार: मुलीला या रिसर्चमध्ये जाऊ द्यायचं का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि म्हणून राहिली की मेंदूतलं इन्फ्लमेशन आणि डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया यावरच पीएचडी करीन, तर यात पुढे काही आहे का. मी याच विषयात पीएचडी केली, आता नागपुरातच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक. इन्फ्लमेशन म्हणजे दाह. त्याला 'मेंदूला सूज' म्हटलं की घरचे घाबरतात, पण ही सीटी स्कॅनवर दिसणारी सूज नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, पहारेकरीच म्हणा, त्या फार दिवस चवताळलेल्या राहिल्या की आयएल-६, टीएनएफ असली रसायनं सोडत राहतात. ताप आला की कोणाशी बोलावंसं वाटत नाही, जेवण नको, नुसतं पडून राहावंसं वाटतं ना, तेच लांबलं तर काय होईल, असा तो विचार आहे. आणि तो हवेतला नाही, हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणारी, इंजेक्शनं द्यायचे तेव्हा आधी चांगले असलेले कितीतरी पेशंट डिप्रेशनमध्ये गेले. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ यांच्या टीमने एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूच्या पेशींवर निरोप घेणाऱ्या एका प्रथिनावर, शरीराच्याच अँटिबॉडीज हल्ला करतात असा एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूचा दाह, दाखवून दिला. त्यात चांगली शिकणारी तरुण मुलगी अचानक काहीबाही बरळायला लागते, घरचे सायकियाट्रिस्टकडे नेतात, आपल्याकडे तर त्याच्याही आधी बाहेरचं पाहतात, आणि आजार असतो इम्यून सिस्टिमचा, वेळेत ओळखला तर बहुतेक पेशंट सुधारतात. मी हा विषय धरला तो यामुळेच.

पण तिला दुसरी बाजूही कळू द्या. २०१३ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या ६० पेशंटवर इन्फ्लिक्सिमॅबची ट्रायल आली, संधिवाताला देतात ते टीएनएफ अडवणारं औषध, एकूण हिशोबात प्लासिबोपेक्षा, म्हणजे नुसत्या खोट्या औषधापेक्षा, काही जास्त फायदा नाही. मात्र ज्यांचं सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, सुरुवातीलाच ५ च्या वर होतं त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली. २०१८ मध्ये नव्याने सायकोसिस (भास, भ्रम) झालेल्यांना मिनोसायक्लिन हे दाह कमी करणारं अँटिबायोटिक देऊन पाहिलं, तेही चाललं नाही. बरेच जण हे वाचून म्हणतात थिअरीच संपली. मला तसं मुळीच वाटत नाही. दाह सगळ्यांत नसतो, काही जणांत असतो, आणि ते काही जण कोणते हे आज ओपीडीत बसून खात्रीनं सांगता येत नाही. तिचं सगळं करिअर याच प्रश्नावर उभं राहू शकतं. म्हणून नुसत्या उंदरांवर चालणाऱ्या लॅबपेक्षा जिथे पेशंटही जवळ आहेत अशी जागा बघा, त्यात पहिलं बंगळुरूचं निम्हान्स, मेंदू आणि मानसिक आजारांची राष्ट्रीय संस्था.

आता रोजचं काम. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री आणि मी क्रायोस्टॅटसमोर, म्हणजे गोठवलेले काप काढायच्या मशीनसमोर, आत उणे २०, उंदराच्या मेंदूचे ३० मायक्रॉनचे काप ब्रशच्या टोकानं उचलायचे, जरा जोरात श्वास सोडला तरी काप गुंडाळला जातो, मग मायक्रोस्कोपखाली एकेक मायक्रोग्लिया मोजत बसायचं. एका सुट्टीत लाईन गेली, जनरेटर लागलाच नाही, उणे ८० चा फ्रीझर गरम झाला आणि माझे चौदा महिन्यांचे सॅम्पल गेले. मी दोन दिवस जेवले नाही. गाईड लॅबमध्ये येऊन शेजारी बसले, वही उघडली, आणि कोणता भाग परत करावाच लागेल, कोणता सोडता येईल ते एकेक करून लिहून काढलं, मी पीएचडी पूर्ण केली ती त्या वहीमुळे. त्यामुळे टॉपिक मागे, गाईड आधी, आणि गाईड कसे आहेत हे तिथल्या जुन्या मुलांना एकट्यात गाठून विचारायचं.

पैशाचं म्हणाल तर सीएसआयआर नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, निघाली की २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. पाच-सहा वर्षं जातात, नंतर पोस्टडॉक, आणि पक्की नोकरी लागेपर्यंत पस्तिशी येते, लग्नाचा विषय घरात निघेलच, तो आताच मोकळेपणानं बोलून घ्या.

आपल्या नागपूर विद्यापीठाच्या फार्मसी विभागात न्यूरोफार्माकॉलॉजीचं, म्हणजे मेंदूवरच्या औषधांचं, काम कित्येक वर्षांपासून चालतं. एमएस्सीचं डिझर्टेशन, म्हणजे प्रोजेक्ट, तिथे करता येतं का ते तिला या आठवड्यातच विचारून येऊ द्या, सहा महिने हातानं काम केलं की तिचं तिलाच कळेल. आणि स्टॅटिस्टिक्स, तेवढं मात्र आतापासून पक्कं करायला सांगा, मी ते फार उशिरा शिकले.