रानपिंगळ्याच्या सर्वेक्षणात नवख्याचं काम काय?

ताई, तुम्ही विचारलंत की दादरला राहून, पक्ष्यांची फारशी ओळख नसताना, तानसाच्या रानपिंगळा सर्वेक्षणात तुमचा काही उपयोग होईल का. नक्की होईल. कसा, ते मला उमगायला दोन हिवाळे गेले.

रानपिंगळा म्हणजे रानातलं एक छोटं घुबड. १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षं हा पक्षी कुणाला सापडला नव्हता. मधल्या काळात मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने, १९१४ साली गुजरातेत मांडवीला एक मिळाल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरून चिठ्ठी बदललेला जुनाच नमुना होता, पण त्या नोंदीपायी शोध भलतीकडे गेला. खोटेपणा लक्षात आल्यावर पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला. एक खोटी नोंद एवढी महागात पडते. २०१४ मध्ये तो तानसात आढळला, म्हणजे आपल्या नळाला ज्या तलावाचं पाणी येतं त्याच्याच रानात.

माझ्या दुसऱ्या फेरीत सागाच्या बोडक्या शेंड्यावर एक पिंगळा ऊन खात बसला होता. मी उत्साहाने ‘रानपिंगळा’ लिहूनही टाकलं. सोबतच्या वनरक्षकांनी एवढंच विचारलं, “डोकं बघितलंत का?” नव्हतं बघितलं. दुर्बीण लावली, तर कपाळापासून मागेपर्यंत पांढरे ठिपके. साधा पिंगळा, आपल्या आरेतही असतो तोच. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं असतं, छातीचा वरचा भाग जवळजवळ सलग तपकिरी, खाली पोट पांढरं, आणि शेपटी तो डावीउजवीकडे झटकत राहतो. नोंद खोडताना वाईट वाटलं, पण ती खोडली हे फार बरं झालं.

म्हणून आधी महिनाभर घराजवळचा साधा पिंगळाच बघा. सकाळ-संध्याकाळ, पाठमोरा, सावलीत, अंग फुगवून बसलेला. तो पाठ झाला की वेगळा दिसणारा आपोआप डोळ्यांत भरेल.

दुसरं, ‘दिसला नाही’ ही नोंद मनापासून करा. ठरलेल्या जागी ठरलेला वेळ उभं राहून काहीच दिसलं नाही, तरी वेळ, हवा, आसपासची झाडं सगळं लिहायचं. कुठल्या पट्ट्यात तो नाही हे कळल्याशिवाय, कुठलं रान आधी जपायचं ते ठरवता येत नाही. नवखे इथेच कंटाळतात.

मोबाईलवर त्याची हाक वाजवू नका. विणीच्या दिवसांत त्याने तो हैराण होतो. आणि ढोलीचा ठावठिकाणा ग्रुपवर कधीही टाकू नका, अगदी ओळखीच्यांच्याही.

पहाटेची कसारा लोकल धरून आटगावला उतरा. मातकट कपडे, दोन बाटल्या पाणी आणि शिसपेन्सिल हवीच. दवाने कागद ओलावला की शाई फुटते.