वाचकांचे प्रश्न : बाळंतपणासाठी आईला जर्मनीला बोलावताना

प्रश्न : मी पाच वर्षांपासून म्युनिकमध्ये नोकरी करते. माहेर ठाण्याचे, चरईतले. वडील गेल्यापासून आई तेथे एकटी राहते; भाऊ घोडबंदर रस्त्याला असतो. माझ्या प्रसूतीची तारीख १५ सप्टेंबर आहे आणि पहिल्या बाळंतपणाला आई जवळ असावी, अशी फार इच्छा आहे. स्टेशनजवळच्या एका एजंटाने सांगितले, की अर्जात बाळंतपणाचा उल्लेख न करता ‘पर्यटन’ लिहावे आणि आईच्या खात्यात पाच लाख रुपये दिसावेत. भाऊ तेवढी रक्कम भरायला तयार आहे. आईला केवळ कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळते. शिवाय तिच्या पासपोर्टवरचे नाव आणि माझ्या जन्मदाखल्यावरचे तिचे नाव वेगळे आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : एजंटाचे दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. मुलीला भेटणे आणि नातवंडाच्या जन्माच्या वेळी तिच्याजवळ राहणे हे शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातील अनेक देशांसाठीचा सामायिक अल्पमुदतीचा व्हिसा) पूर्णपणे मान्य कारण आहे. ते ‘कुटुंबीयांची भेट’ या प्रकारात मोडते. त्याऐवजी पर्यटन लिहिले, तर पासष्टीच्या आसपासची एकटी स्त्री तीन महिने एकाच शहरात मुलीच्या पत्त्यावर राहून कोणते पर्यटन करणार, हा प्रश्न अर्ज वाचणाऱ्याला पडणारच, आणि एकदा कारणावरचा विश्वास उडाला की बाकीची कागदपत्रे कितीही चोख असली तरी त्यांचा उपयोग होत नाही. आपल्या निमंत्रणपत्रात प्रसूतीची तारीख स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा.

पैशांचेही तसेच आहे. वाशीच्या माझ्या एका परिचित बाईंच्या खात्यात अर्जाच्या आठ दिवस आधी मुलाने चार लाख भरले. व्हिसा नाकारला गेला आणि हाती आलेल्या छापील पत्रकात प्रवासाचा हेतू विश्वसनीय वाटत नसल्याच्या चौकटीत खूण होती. त्या बाईंनी आयुष्यात कधी कोणाची फसवणूक केलेली नाही, आणि तो कागद त्यांना फार लागला. आपल्या आईच्या खात्यात दरमहा निवृत्तिवेतन जमा होते, त्यातून वीजबिल आणि सोसायटीची वर्गणी जाते, हे गेल्या तीन महिन्यांचे स्टेटमेंट जसे आहे तसे जोडा. मुदत ठेवी असतील तर त्यांच्या पावत्याही जोडा. कमी रकमेची लाज वाटण्याचे कारण नाही, कारण जर्मनीतील खर्चाची हमी आपल्याकडून जायची आहे.

ती हमी म्हणजे फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. आपल्या शहरातील परदेशी नागरिकांच्या कार्यालयात स्वतः जाऊन, पगाराच्या स्लिपा आणि घरभाड्याचा करार दाखवून हे हमीपत्र करून घ्यावे लागते. शुल्क २९ युरो आहे. आईच्या राहण्याजेवण्याचा, आजारपणाचा आणि वेळ पडल्यास परत पाठवण्याचा खर्च हमी देणाऱ्यावर येतो, म्हणून सही करण्यापूर्वी ते नीट वाचा. माझे मत असे, की ही सही आपल्या पतींनी करावी. प्रसूतीआधीचे सहा आठवडे आणि नंतरचे आठ आठवडे आपण मातृत्वरजेवर असाल, पुढे कदाचित बालसंगोपन रजाही घ्याल. अशा वेळी सलग पगार असलेल्या व्यक्तीचे उत्पन्न दाखवणे सोपे जाते. हमीपत्राची मूळ प्रत कुरिअरने ठाण्याला पाठवावी लागेल आणि ती सहा महिन्यांच्या आत व्हिसाच्या अर्जासाठी वापरावी लागेल.

तारखांचा विचार मात्र आजच करा, कारण खरी अडचण तेथे आहे. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात धरला जातो. आई १ सप्टेंबरला उतरली तर २९ नोव्हेंबर हा तिचा नव्वदावा दिवस. १५ सप्टेंबरला उतरली तर १३ डिसेंबर. मुदत अगदी अपवादात्मक कारणासाठीच वाढते, तेव्हा त्यावर विसंबू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ये-जा संगणकात नोंदवण्याची पद्धतही टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. जर्मनीत प्रसूतीनंतर सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहते आणि सार्वजनिक आरोग्य विमा तो खर्च देतो. म्हणून आईने फार आधी येण्यापेक्षा तारखेच्या तोंडावर येऊन नंतरचे दिवस अधिक ठेवावेत, असे मला वाटते. मात्र नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे विसरू नये. तो म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून घेता येतो. आईच्या बँकेला तो कोणत्या स्वरूपात हवा, हे आई निघण्यापूर्वीच भावाने विचारून ठेवावे.

नावाचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. लग्नात सासरचे नाव ठेवले जाते, पण शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे नाव कुठेतरी टिकून राहते. जुने कागद बदलायला जाऊ नका. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद असेल तर ती, नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाची प्रत जोडा. त्या पानावर आईचे नाव असते. जन्मदाखला केवळ मराठीत असेल तर त्याचे भाषांतरही करून घ्या.

आई परत येणार, हे तिचे ठाण्यातले आयुष्यच सांगेल : सोसायटीचे भागप्रमाणपत्र किंवा फ्लॅटचा इंडेक्स टू, निवृत्तिवेतनाचा आदेश, भाऊ येथेच असल्याचे एक साधे पत्र. विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण मुक्कामाचा हवा. आईला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर जुन्या आजाराबाबत पॉलिसीत काय लिहिले आहे ते वाचूनच विमा घ्या आणि तीन महिन्यांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बरोबर द्या.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. शुल्क ९० युरो असून व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. मुंबईत व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस ग्लोबल कंपनीच्या केंद्रात आईला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागेल. त्याआधी एका संध्याकाळी फोनवर संपूर्ण अर्ज तिला मराठीत वाचून दाखवा. सही तिची आहे. आपण काय लिहून दिले, हे तिला ठाऊक असलेच पाहिजे.

प्रश्न : आमचा मुलगा टोरांटोत वर्क परमिटवर आहे. आम्हा दोघांसाठी सुपर व्हिसा घ्यावा की साधा?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : सुपर व्हिसा म्हणजे आईवडिलांना दीर्घकाळ राहता येईल असा कॅनडाचा व्हिसा. त्यासाठी मुलगा कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो, त्यामुळे तूर्त साधा व्हिजिटर व्हिसाच घ्यावा. त्यावर साधारणपणे एका वेळी सहा महिने राहता येते. मुलाला कायम रहिवास मिळाल्यावर सुपर व्हिसाचा विचार करा. त्यात एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, परंतु मुलाचे ठरावीक उत्पन्न, आपली वैद्यकीय तपासणी आणि प्रत्येकी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा एक वर्षाचा आरोग्य विमा आवश्यक असतो.