एकाच ताटात सहा जण

प्रिय मनू,

तुझा प्रश्न पोचला. दादाच्या ताटातली अर्धी पुरणपोळी उचललीस म्हणून आजी रागावली, "उष्टं खाऊ नये" म्हणाली. आणि तुझं म्हणणं, दादा माझाच ना, मग बिघडलं कुठे?

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या मंडळींबरोबर मी मोरोक्कोत कासाब्लांकाहून फेस नावाच्या शहरात गेलो होतो. तिथलं जुनं शहर १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की गाडी शिरतच नाही. सामान खेचरांवर येतं आणि मागून "बालाक! बालाक!" अशी आरोळी आली की मुकाट भिंतीला चिकटायचं. अशाच एका गल्लीत जेवायला गेलो. बाहेर नुसती कोरी भिंत आणि दार. आत मात्र वाड्यासारखा चौक, मध्ये कारंजं, हातानं तासलेल्या रंगीत फरशीच्या तुकड्यांची नक्षी. जुन्या घराचं आता हॉटेल केलंय. चांगलंच महाग, पण रीत घरगुती.

आधी एक जण किटली आणि तस्त घेऊन आला, बसल्या जागी सगळ्यांचे हात धुतले. मग 'बस्तीला' नावाची डिश आली. कागदासारख्या पातळ पापुद्र्यांत कोंबडी आणि बदाम, आणि वरून चक्क पिठीसाखर नि दालचिनी! तू नाक मुरडलं असतंस. मी दोनदा घेतली.

खरी गंमत ताजीनची, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेल्या मटणाच्या रश्श्याची. शंकूसारखं झाकण उचललं, मातीचं भांडं मधोमध ठेवलं. आम्ही सहा जण, भांडं एक. वेगळी ताटं नाहीत, चमचे नाहीत. उजव्या हातानं रोटीचा तुकडा मोडायचा आणि त्यानंच उचलायचं. आजी असती तर उठूनच गेली असती.

पण मी नीट बघत होतो. प्रत्येकजण फक्त आपल्यासमोरच्या भागातलंच घेत होता. शेजारच्या गृहस्थांनी तर तुकडा इतका बेतशीर मोडला की एका घासात संपला; चावून उरलेला परत रश्श्यात बुडवायचा प्रश्नच नाही. मधल्या मटणाला कुणी हात लावेना. शेवटी यजमानांनी तुकडे सोडवून एकेकाच्या पुढ्यात सरकवले, सगळ्यात मऊ माझ्याकडे.

म्हणजे तोंडाला लागलेलं दुसऱ्याकडे जाऊ नये, ही काळजी तिथेही होतीच. आपण त्यासाठी प्रत्येकाला वेगळं ताट देतो, जेवता जेवता वाढून घेताना पळीला डावा हात लावतो, आणि नैवेद्य दाखवायच्या आधी चव घेत नाही. मला विचारशील तर आजीचं थोडं बरोबर आहे, विशेषतः दादाला सर्दी असताना. पण सगळंच नाही. लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात, तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. शबरीची बोरं तर रामानंही खाल्ली.

आता तू आजीला एवढंच विचार: तुझ्या ताटात उरलेला वरणभात आई रोज संपवते, तेव्हा आजी गप्प कशी बसते? काय म्हणाली ते कळव.

तुझा,
बाबा