मानसिक आजारावरच्या संशोधनात रुग्णांना 'सहभागी करून घेणं' म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कोल्हापुरात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करताय, प्रबंधाचा विषय आहे 'मानसिक आजारात औषधं मध्येच सोडणं', आणि गाईड म्हणतात रुग्णांना सहभागी करून घ्या. साठ-सत्तर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली की झाला ना सहभाग, असं तुम्ही विचारताय.

नाही झाला. ते फक्त माहिती देणारे झाले.

मी गुजरीत दागिने घडवतो. बायपोलर आहे (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार), सोळा वर्षं झाली. मागे अशाच एका अभ्यासाची प्रश्नावली माझ्याकडे आली होती. 'आपण औषध बंद केले आहे का? होय / नाही.' मी 'नाही'वर खूण केली. खोटं नव्हतं ते. पण त्या लग्नसराईत दोन महिने मी लिथियम, म्हणजे या आजारावरचं माझं औषध, अर्धंच घेत होतो. लिथियमनं माझी बोटं बारीक थरथरतात, आणि थरथरत्या बोटांनी साजाचं जोडकाम होत नाही. सराईचं काम हातचं गेलं की वर्षाचा हिशोब कोलमडतो. बंद केल्याची कारणं खाली छापलेली होती: विसरलो, परवडत नाही, बरे वाटले, गैरसमज. त्यात माझी बोटं कुठं बसणार? त्या अहवालात मी 'नियमित औषध घेणारा' म्हणून मोजला गेलो असणार. (पुढं डॉक्टरांना खरं सांगितलं, त्यांनी रक्तातली पातळी बघून डोस बदलून दिला. माझं बघून कुणी आपल्या मनानं गोळी अर्धी करू नका.)

प्रश्नावली छापायच्या आधी आमच्यातल्या दोघांना जरी समोर बसवलं असतं, तरी 'बंद केलं का'च्या जागी 'गेल्या महिन्यात किती दिवस, किती गोळ्या घेतल्या' असा प्रश्न आला असता. सहभाग म्हणतात तो हा. प्रश्न कुठला विचारायचा यात आमचं चालायला पाहिजे.

हे एका कारागिराचं रडगाणं वाटत असेल तर मोठं उदाहरण घ्या. तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये संशोधक असलेल्या डायना रोज यांनी स्वतः मानसोपचार घेतलेले आहेत. शॉक ट्रीटमेंटबद्दल रुग्णांना काय वाटतं, यावरचे 35 अभ्यास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि 2003 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. त्यातले 26 डॉक्टर मंडळींनी केलेले होते, 9 रुग्णांनी किंवा त्यांना सोबत घेऊन. डॉक्टरांच्या अभ्यासांत समाधानी रुग्ण जास्त निघत होते. कारण साधं आहे. उपचार संपल्या संपल्या, दवाखान्यातच, डॉक्टरनंच चार प्रश्न विचारल्यावर तोंडावर नकार कोण देतंय? स्मृती गेल्याचा त्रास टिकून राहिल्याचं सांगणारे रुग्ण मात्र किमान एक तृतीयांश होते.

तेव्हा रुग्णांबरोबरची तुमची बैठक सीपीआरच्या (इथलं मोठं सरकारी रुग्णालय) ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर घेऊ नका, आणि उपचार करणारे डॉक्टर तिथं नकोत. त्यांच्या घराजवळचा हॉल बघाल तर तीही चूक होईल. गंगावेशीतला माणूस शाहूपुरीत येईल, पण आपल्या पेठेत येणार नाही. इथं प्रत्येकाला प्रत्येकाचा मामा ओळखतो. दिवसाचा रोजगार बुडणार असेल तर तेवढे पैसे द्या, चहा-बिस्किटावर भागवू नका. संमतीपत्र मराठीत, मोठ्यानं वाचून दाखवा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 99 प्रमाणे नुसत्या मुलाखतीलाही संमती लागते. त्याच कायद्यानं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींच्या दोन प्रतिनिधींना जागा दिली आहे. सरकारी प्राधिकरणाला जमतं तर प्रबंधाला का नाही जमणार? एवढ्या सहभागाला गाईडनी हरकत घेतली तर हे दाखवा.

एक अडचण मात्र तरीही राहते. बोलावल्यावर येणार ते माझ्यासारखे सावरलेले, बोलके पुरुष. आमच्या ओळखीत एक ताई आहेत. सासरी कुणाला आजार माहीत नाही, गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात. पाहुणे आले, स्वयंपाकघरात वर्दळ वाढली, की त्यांची गोळी चुकते. औषध का सुटतं हे त्यांच्याइतकं नेमकं मीही सांगू शकणार नाही, पण त्या कुठल्या बैठकीला येणार नाहीत. त्यांना विचारून बघतो. हो म्हणाल्या तर दुपारी दोन ते तीन, सासूबाई झोपलेल्या असताना फोन करावा लागेल. आणि फोन बाईनंच करायचा, तेव्हा एखादी मैत्रीण बरोबर घ्या.