बांधकामाच्या साइटवरची घाण : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : 60 कामगार आहेत, खाली 3 टॉयलेट दिलेत तरी लोक लिफ्टच्या डक्टमध्येच जातात. दंड लावू का?

दंड लावून बघितलेल्या साइट मी पाहिल्यात, तिथे लोक फक्त जास्त अंधाराचा कोपरा शोधतात. 20 माणसांमागे एक हा हिशोब तुमचा बरोबर आहे हो, पण नवव्या मजल्यावर सेंट्रिंग (काँक्रीट ओतायच्या आधीचं फळ्या-टेकूंचं काम) करणारा माणूस लघवीसाठी नऊ मजले उतरून परत चढेल का, तुम्ही चढाल? काम वर सरकतं तसं दर तीन-चार मजल्यांवर तात्पुरतं युरिनल द्या, पाइप खाली टाकीत सोडा, आणि साफ कोण करणार ते आधी ठरवा, नाहीतर 3 चे 30 केलेत तरी तेच. बायकांचं वेगळं हवं, आतून कडी, लाइट, पॅड टाकायला झाकणाचा डबा. हे नसलं की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग युरिन इन्फेक्शन होतं.

प्रश्न : क्युरिंगला (काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं ठेवायला) पाणी साठवावंच लागतं, मग डासांचं काय करायचं?

डेंगीचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा स्लॅबवरचे पाण्याचे वाफे पूर्ण रिकामे करून लगेच परत भरा, किंवा जमेल तिथे ओलं गोणपाट टाका. ड्रम नुसता पालथा करून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेच्या वर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहिली तरी महिनोन्महिने टिकतात, तेव्हा आतून घासाच. आणि लिफ्टचा खड्डा! तो सगळे विसरतात.

प्रश्न : गवंडी हात थिनरने धुतात, चालतं का?

अजिबात नाही. ओल्या सिमेंटचा पीएच 12-13 असतो, म्हणजे ते जहाल क्षार असतं, कातडी भाजते आणि गंमत म्हणजे दुखायला लागतं काही तासांनी, तोवर गमबुटात गेलेलं काँक्रीट आपलं काम करून मोकळं. त्यात थिनरने कातडीचं तेलही जातं. मिक्सरजवळच नळ आणि साबण ठेवा, लांब ठेवलात तर कोणी जाणार नाही.

प्रश्न : रोज झाडतो तरी धूळ तेवढीच?

कारण कोरडं झाडता. वाळू-काँक्रीटमधली बारीक सिलिका धूळ उडून पुन्हा खाली बसते, मधल्या वेळात फुप्फुसात जाते, आणि त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. आधी पाणी शिंपडा मग झाडा, टाइल कापताना कटरवर पाण्याची धार ठेवा.